मंगळावर निर्णय कोणाचा?

(मढ, ता. जुन्नर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मढच्या ग्रामस्थांना खोडद नवे नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून याच जुन्नर तालुक्यात साकारलेली ती तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण! १९ ऑक्टोबर २०१६ रोजी रात्री मंगळावर उतरणाऱ्या 'शियापारेली' या युरोपीय यानाचा क्षीण संदेश याच दुर्बिणीने टिपला. उतरण्याच्या सुमारास तो अकस्मात थांबला.

घडले ते असे. पॅराशूट उघडताच यान अनपेक्षित जोराने हेलकावे खाऊ लागले आणि त्याच्या फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेलाच अडकून राहिले. त्या मापावरून संगणकीय आज्ञावलीने उंची काढली, ती शून्याच्याही खाली! यान जमिनीच्या पोटात आहे, असा त्याचा अर्थ. मग तिने पॅराशूट सोडले, सुमारे तीस सेकंद चालावयाची इंजिने तीन सेकंदांत बंद केली. यान तेव्हा सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होते. आज्ञावलीने हिशेब चोख केला. परंतु 'हे संभवत नाही' अशी शंका घेण्याची पुरेशी तरतूद तिच्यात नव्हती.

मग सारे निर्णय पृथ्वीवरूनच का घेऊ नयेत? चंद्रावर ते जमते. संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो. २७ ऑगस्ट २०२३ रोजी 'प्रज्ञान'समोर चार मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी त्यास मागे वळविले. मंगळाचा संदेश मात्र कित्येक मिनिटे वाटेतच असतो, आणि संपर्काच्या वेळाही मोजक्या. बग्गीने नव्या जागी पोहोचून दुसऱ्या दिवसाच्या आज्ञेची वाट पाहत बसावे, हा केवढा अपव्यय!

अमेरिकेच्या 'क्युरिऑसिटी' बग्गीवर २०१६ पासून 'एजिस' ही आज्ञावली त्यासाठी नेमली आहे. ती छायाचित्रातील खडक ओळखते, त्यांचा आकार, तेज पारखते, शास्त्रज्ञांनी आधी ठरवून दिलेल्या निकषांवर एक निवडते आणि त्यावर लेसर रोखते. हवा तसा खडक गवसण्याचे प्रमाण ९३ टक्क्यांहून अधिक निघाले; नुसता अंदाजाने नेम धरला असता तर ते २४ टक्के असते. मुनीम हुशार खरा, पण पेढीचे धोरण त्याचे नव्हे. चुकीच्या खडकावर लेसर पडला तर एक निरीक्षण वाया जाईल, बग्गी शाबूत राहील. खडकात छिद्र पाडून नमुना घ्यावयाचा की नाही, हे मात्र पृथ्वीवरचे शास्त्रज्ञच ठरवितात.