गोळा हातात द्यायला हवा होता
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी निवृत्त क्रीडाशिक्षक. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली. आज बोलायचं आहे ते आपल्या दिव्यांग खेळाडूंच्या पराक्रमाविषयी. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

१९८६ साली माझ्याकडं आठवीत एक मुलगा होता. पोलिओनं उजवा पाय बारीक राहिलेला. गुडघ्यावर हात दाबत चालायचा. वडील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. मी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढं ‘सूट’ असं लिहिलं. खेळाच्या तासाला तो कडुनिंबाखाली बसायचा आणि इतरांच्या चपला, दप्तरं राखायचा. आपण मुलाची काळजी घेतो आहोत, असं मला मनापासून वाटायचं.

मी खेळाचा शिक्षक. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८४ साली, भारतानं पॅरालिंपिकमध्ये चार पदकं मिळवली होती, याचा मला पत्ता नव्हता. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं नावही तेव्हा माझ्या कानावर आलं नव्हतं. पेटकर लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहणं हाच त्यांचा खेळ झाला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटरचं अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक घेतलं. तो जागतिक विक्रम होता. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ साली, अभिनव बिंद्रामुळं. म्हणजे पेटकर त्याच्या छत्तीस वर्षं पुढं होते! त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. विसरणारे आपण सगळेच.

या स्पर्धांचं मूळ एका रुग्णालयात आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथं डॉ. लुडविग गुटमन मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. रुग्णाला खाटेवर पडू द्यायचं नाही, खेळायला लावायचं, हा त्यांचा खाक्या. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी सोळा जखमी सैनिक, स्त्रिया आणि पुरुष, यांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९६० साली रोमला तेवीस देशांचे चारशे खेळाडू जमले. ते पहिलं पॅरालिंपिक. भारत त्यात प्रथम उतरला १९६८ साली, तेल अवीवला.

पुष्कळ लोक विचारतात, “एकाला हात नाही, दुसऱ्याला दिसत नाही, मग यांची स्पर्धा लावायची कशी?” त्यासाठी गट पाडलेले असतात. तपासणी करून, ज्याची अडचण ज्या प्रकारची आणि जेवढी, त्याला त्या गटात घालतात. बसून फेकणाऱ्या खेळाडूची बैठक जमिनीला पक्की बांधतात आणि त्याला बैठकीला पट्ट्यांनी जखडतात. फेकताना बूड उचललं, तर फेक बाद! कीव करून इथं एक सेंटीमीटरही वाढवून मिळत नाही.

देवेंद्र झाझरियांचंच पाहा. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातले. आठ वर्षांचे असताना झाडावर चढले आणि विजेच्या तारेला हात लागून डावा हात गेला. २००४ साली अथेन्सला त्यांनी भाल्यात सुवर्ण मिळवलं. पुढच्या दोन स्पर्धांत त्यांच्या गटाची भालाफेकच ठेवली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यानं भाला माळ्यावर टाकला असता. हा गडी बारा वर्षं थांबला आणि २०१६ साली रिओला ६३.९७ मीटर भाला फेकून पुन्हा सुवर्ण घेऊन आला, तेही जागतिक विक्रमासह.

२०१६ साली आपली पदकं चार होती. टोकियोची स्पर्धा २०२१ साली झाली, तिथं एकोणीस. २०२४ साली पॅरिसला चौऱ्याऐंशी खेळाडू गेले आणि एकोणतीस पदकं आली. त्यातली सात सुवर्ण. हरियाणाचा धरमबीर कालव्यात सूर मारताना मानेला इजा होऊन लुळा पडला होता. लाकडी दांडा लांब फेकण्याचा ‘क्लब थ्रो’ नावाचा खेळ आहे. त्यात त्यानं ३४.९२ मीटरची फेक करून सुवर्ण मिळवलं. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य घेतलं. त्याची फेक १६.३२ मीटर, सुवर्ण मिळवणाऱ्याची १६.३८. सहा सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं!

त्या संध्याकाळी मला एक फोन आला. कडुनिंबाखालचा तो मुलगा. आता पन्नाशीचा गृहस्थ, दोन मुलांचा बाप. म्हणाला, “सर, पाहिलंत ना?” मी म्हटलं, “पाहिलं.” मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी तोच म्हणाला, “चपला राखायचं मला काही वाटलं नाही, सर. पण माझ्या हातांत जोर होता. एकदा गोळा देऊन बघायचा होतात.”

खरंच होतं त्याचं. पायाचं काम हातांनी करून करून त्याचे दंड वर्गात सगळ्यांत भरलेले होते. ते मला रोज दिसत होते. पण मी पाहत होतो पायाकडं. तो पदक मिळवताच असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्या मुलांसारखा हरला-जिंकला तरी असता, घामानं भिजून घरी गेला असता. तेवढंही मी त्याला दिलं नाही.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. मुलाला काय करता येत नाही, हे डॉक्टरांची चिठ्ठी सांगते. काय करता येतं, हे मैदानावर नेऊन आपणच बघायचं असतं. उद्या शाळेत कुणी असं बाजूला बसलेलं दिसलं, तर त्याच्याजवळ जा आणि विचारा, “काय खेळतोस?”