कोणता लॅपटॉप घेऊ?



आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्या ग्रुपवर आठवड्याला एकजण तरी विचारतोच, "लेका, पोरासाठी स्वस्तातला लॅपटॉप सांग." अंबाजोगाईत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याच माथी. पण आधी एक चूक कबूल करतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याच वर्गातला एकजण माझ्याकडे आला. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारा. मुकादमाच्या उचलीतून अठरा हजार बाजूला काढले होते, थोरलीच्या ऑनलाइन वर्गासाठी. मी त्याला ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणुकीचा नवा कोरा लॅपटॉप दिला. वीसेक जीबी तर विंडोजच खाते! अपडेट आलं की जागा नाही, आणि रॅम-साठवण दोन्ही बोर्डावर डाग दिलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. वर्षभरात ते यंत्र कपाटावर गेलं. तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी नव्या-जुन्याचा भेद करत नाही. रॅम ८ जीबी, साठवण एसएसडी आणि किमान २५६ जीबी, मागचं झाकण उघडून पुढे रॅम वाढवता यावी. एवढं असलं की घरचं काम, फॉर्म भरणं, शिकवण्या, हिशोब सगळं निभतं.

जुना घेणार असाल तर नुसत्या 'आय५' च्या स्टिकरला भुलू नका. त्यापुढचा आकडा वाचा. ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलमध्ये विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचंच चालतं. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात विकायला काढलेले दिसतात. जुना आय५ सोडा, अकराव्या पिढीचा आय३ घ्या.

बॅटरीचं दुकानदाराच्या तोंडावर ठेवू नका. विंडोज स्वतःच अहवाल काढून देते: मूळ क्षमता किती, आज उरली किती. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. नवा घेताना 'ऑनसाइट वॉरंटी' आपल्या पिनकोडला मिळते का ते आधी विचारा; नाहीतर एका बटणासाठी लातूर नाहीतर संभाजीनगरची एसटी धरावी लागते.

तो मित्र आज इथंच, मागच्या रांगेत बसलाय. त्याची धाकटी यंदा बारावीला आहे. गेल्या महिन्यात दोघं दुकानात आले. कंपनीच्या ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा लॅपटॉप होता. नवी एसएसडी टाकली, बॅटरी बदलली, पोरीला आकडा वाचायला शिकवला. पैसे नको म्हणालो, तर गडी ऐकेना. शेवटी फक्त पार्टचे घेतले. जाताना एवढंच सांगितलं की अडॅप्टरची तिसरी पिन मोडून दोन भोकांच्या बोर्डात घालू नको, अर्थिंग नसलं की हाताला झिणझिण्या येतात. म्हणाला, "घरी बोर्ड तसलाच आहे."

उद्या सकाळी बोर्ड बदलायला त्याच्या घरी जातोय.