आईचा हंस आणि माझी नक्कल

(उत्सवातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी चित्रकार नाही. इथल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तीस वर्षे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. समोर बसलेल्या जुन्या सहकाऱ्यांना ते ठाऊक आहेच. पट्टी धरून रेघ मारायची असली तर मी राजा, नाहीतर हात अडलाच!

निवृत्तीनंतर आई मिरजेहून कायमची आमच्याकडे आली. तिच्या ट्रंकेत राजा रविवर्मांच्या ‘हंस-दमयंती’ची जुनी छापील तसबीर होती. ओल लागून हंस जवळजवळ नाहीसा झाला होता. आई म्हणाली, “जन्मभर ड्रॉइंग काढलंस, मला एवढा हंस काढून दे की!”

मूळ तैलचित्र १८९९चे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनातले. पण रविवर्मा आपल्या घरांत पोचले ते छापील तसबिरींतून. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि एकावर एक छाप घेत चित्र पुरे होई.

मी तसबिरीवर पारदर्शक कागद ठेवून चौकोन आखले. तेवढेच चौकोन कॅनव्हासवर पाडले आणि एकेक घर उतरवले. मापे अचूक आली, पण दमयंती पुठ्ठ्याची! लाल रंग ट्यूबमधून काढून तसाच फासलेला, आणि साडीच्या चुण्या पन्हळी पत्र्यासारख्या.

आई हसली नाही. तिने आपली इरकल खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, “काठ जड असतो रे. त्याच्या ओढीनं कापड पडतं. आधी ते बघ.”

मग मी बघायला लागलो. एकाच लाल साडीत सावलीकडे तपकिरी आणि उजेडाकडे केशरी दिसते. म्हणून आधी नुसत्या तपकिरी रंगात उजेड-सावली बसवायची, ती वाळली की वर लालाचे पातळ थर द्यायचे. पांढरा हंससुद्धा नुसत्या पांढऱ्याने होत नाही, त्यात निळसर करडा लागतो.

नक्कल म्हटले की लोक नाक मुरडतात. पण खुद्द रविवर्मांनाही तैलरंग कोणी हाताला धरून शिकवले नाहीत. १८६८ मध्ये त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने त्यांना फक्त आपले काम बघू दिले. नक्कल करणाऱ्यालाही तेच करावे लागते, नीट बघावे लागते.

माझी तिसरी प्रत पुरी होण्याआधी आई गेली. हंस झाला होता, तो तिने पाहिला. पदर राहिला होता. तसबीर समोर होती, तरी तो मी खुर्चीवरच्या इरकलीकडे बघून रंगवला. त्यामुळे माझ्या दमयंतीला टोपपदर आला आहे. जाणकार म्हणतील, नक्कल चुकली. चुकली खरी, पण मी ती दुरुस्त करणार नाही.

मंडपात मागच्या टेबलावर तिन्ही प्रती मांडल्या आहेत. मुलांनी पन्हळी पत्र्याची पहिली प्रत आधी बघावी, म्हणजे ब्रश हातात घ्यायची भीती वाटणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!