तबलजींचं पाकीट



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यावर बोलायला माझ्याहून मोठ्या पदावरचे चौघे इथे बसलेत. म्हणून मी माझ्या दुसऱ्या उद्योगाबद्दल बोलते. नोकरी सांभाळून गेली आठ वर्षं मी पुण्यातल्या एका हौशी वाद्यवृंदाचे कार्यक्रम बघते. मला गाता येत नाही हे शाळेतच सिद्ध झालंय. पण तारखा, साउंड, मानधन, गाण्यांचा क्रम हे जमतं.

यात सगळ्यात अवघड म्हणजे वेळ न पाळणारा कलाकार. आपण झाडीपट्टीतली माणसं, आपल्याला त्याचं जास्तच नवल. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाट्य कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं आणि दुसऱ्या रात्री तीच मंडळी दुसऱ्या गावात उभी. ऑर्गन-तबला समोर, सगळं प्रत्यक्ष. गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपला ग्रुप दोन दिवस वाजत होता, आठवतं ना?

तर, तीन वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी मंडईला नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा ठरला. “तुझ्या ओळखी आहेत,” म्हणून काम माझ्याकडे. मुख्य गायक बाहेरून बोलावला. अर्धे पैसे इसार, पाचला साउंड चेक, नऊला सुरुवात. सगळं फोनवर! ऑफिसात दोन ओळींचा बदलही मी लेखी घेतल्याशिवाय करत नाही.

साहेब आले साडेनऊला. मैदान भरलेलं, आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून बायामुलं आलेली. गाडीतूनच निरोप आला, उरलेले पैसे हातात पडल्याशिवाय उतरणार नाही. जवळ गेले तर तोंडाला वास. क्षणभर वाटलं, देऊन टाकावेत. पण या अवस्थेत तो पैसे घेऊन तरी काय गाणार होता?

मी स्टेजमागे जाऊन विचारलं, त्याच्याशिवाय किती वेळ निघेल? तबलजी म्हणाले, “तुम्ही घोषणा करा ताई, बाकी आम्ही पाहतो.” गावातल्या दोन मुलींनी आणि ऑर्गनवाल्या काकांनी गाणी उचलली. चौथ्या गाण्याला गायक आपणहून वर आला, दुसऱ्याच कडव्यात शब्द विसरला आणि माइकवरून तबलजींवरच ओरडला. मी साउंडवाल्याला त्याचा माइक बंद करायला सांगितलं. आरडाओरडा झाला, दोन खुर्च्या मोडल्या, पण रात्री एकपर्यंत कार्यक्रम झाला. उरलेले पैसे मी दिले नाहीत. त्यावरची बोलाचाली गुरुजनांसमोर सांगण्यासारखी नाही.

मोठी लढाई जिंकल्यासारखी घरी गेले. सकाळी पर्स उघडली तर तबलजींचं पाकीट तसंच. गायकाशी भांडण्याच्या नादात, ज्यांनी रात्र निभावून नेली त्यांनाच द्यायचं राहिलं. ते पहिल्या एसटीने निघूनही गेले होते. मागितलेसुद्धा नाहीत. दुपारी शोधत त्यांच्या घरी पोचले. त्यांच्या घरच्यांनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, “पहिल्यांदा थोडंच झालं हे? गायकाचं आधी, आमचं उरलं तर.” तो चहा मला काही गोड लागला नाही. रात्रभर मी दुसऱ्याला बेशिस्त म्हणत होते.

आता साथीदारांची पाकिटं मी साउंड चेकच्या आधी देते. गायकाच्या अटी लेखी असतात, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि मुख्य गायक आलाच नाही तरी पाऊण तास निघेल, एवढी गाणी तयार ठेवते.

आज संध्याकाळी आपल्या गाण्यांना साथ करायला तेच तबलजी आलेत. पाकीट सकाळीच दिलंय. साउंड चेक साडेचारला आहे. गाण्यासाठी नावं दिलेल्यांनी, विशेषतः सकाळच्या प्रार्थनेला पाऊण तास उशिरा आलेल्या आपल्या दोन गायकांनी, कृपया वेळेवर यावं.