वाद्य एकाचे, सूर सर्वांचा

(महोत्सवी वर्षात, 22 नोव्हेंबर रोजी संत सेसिलियेच्या सणानिमित्त, धर्मग्रामातील गायक व वादक मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्यांनी ह्या देवळासाठी जमीन दिली, दगड वाहिले, मुलांना धर्मशिक्षण दिले, त्या सर्वांचे स्मरण ह्या महोत्सवाच्या वर्षी आपण करीत आहोत, आणि ते योग्यच होय. आज संगीताची आश्रयदात्री संत सेसिलिया हिचा सण आहे. ह्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील एका निराळ्या धनाविषयी चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते. ते धन बँकेत नाही आणि देवळाच्या पेटीतही नाही. ते आपल्या घरोघरी, कपाटावर किंवा पलंगाखाली, कापडात गुंडाळून ठेविलेले आहे. आम्ही बोलत आहो ते आपल्या हार्मोनियमांविषयी, ऑर्गनांविषयी, सिंथेसायझरांविषयी आणि ज्या वाद्याला, ते कोणत्याही कारखान्यातून आलेले असो, आपले लोक सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, त्याविषयी.

दोन वादक एकत्र आले म्हणजे कोणाजवळ कोणते वाद्य आहे, त्याला 61 पट्ट्या आहेत की 88, त्यात किती प्रकारचे आवाज निघतात, ह्या गोष्टी रंगात येतात. त्यात काही वावगे नाही. सुतार आपल्या रंध्याविषयी बोलतो, शेतकरी आपल्या बैलाविषयी बोलतो. वादकाने आपल्या वाद्याविषयी का बोलू नये? परंतु 'मजजवळ अमुक आहे' असे सांगणे ही पहिली पायरी झाली. 'ते तुझ्याही उपयोगी पडो' असे म्हणणे ही दुसरी होय, आणि ह्या दुसऱ्या पायरीवर चढण्याविषयी आज आमची विनंती आहे.

ऑर्गन हे वाद्य मुळात एकट्याचे नव्हतेच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रिया नगरात क्तेसिबियस नामक यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन निर्माण केला. इ.स. 757 मध्ये पूर्वेकडील रोमी सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन ह्याने फ्रँक लोकांचा राजा पेपिन ह्यास एक ऑर्गन भेट म्हणून पाठविला. पुढे शतकामागून शतके हे वाद्य युरोपातील देवालयांत स्थिरावले. परंतु एक गोष्ट तशीच राहिली: पट्ट्यांवर बोटे चालविणारा एक, तर भाता हलविणारे दुसरे. इ.स. 1580 च्या सुमारास हाजी हबीबुल्लाह ह्याने आणलेला ऑर्गन अकबर बादशहाच्या दरबारात दाखविण्यात आला, त्याचे वर्णन बदायुनी ह्या इतिहासकाराने करून ठेविले आहे. मनुष्याएवढी मोठी ती पेटी. एक फिरंगी आत बसून वाजवीत असे आणि दोघे बाहेरून हात लावीत असत, असे तो सांगतो. म्हणजे एका सुरासाठी तीन माणसे! वादक कितीही निपुण असो, भाता ओढणारा मुलगा आला नाही तर ऑर्गन मुकाच राहावयाचा.

इ.स. 1842 मध्ये पॅरिस येथे आलेक्सांद्र दबें ह्याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यात वादक स्वतःच पायांनी भाता चालवू लागला. पुढे 1875 च्या सुमारास कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनी हाताने भाता चालविण्याची पेटी घडविली आणि ती भजनीमंडळापासून देवळापर्यंत सर्वत्र पोहोचली. विसाव्या शतकात विजेची वाद्ये आली. 1964 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग ह्यांनी आपला सिंथेसायझर लोकांपुढे मांडला. आता भाता नको, भाता ओढणारा नको. ठेका धरणाराही नको, कारण बटण दाबले की ठेका आपोआप सुरू होतो. कानांस यंत्र लाविले म्हणजे ऐकणाराही नको!

ह्या सुधारणांची आम्ही निंदा करीत नाही. त्यांच्यामुळेच सामान्य घरातील मुलाच्या हाती वाद्य आले. आमचे म्हणणे इतकेच की, पूर्वी वाद्याच्या रचनेनेच माणसांस एकत्र आणिले होते. आज ती सक्ती उरली नाही. जे पूर्वी आपोआप घडत असे, ते आता आपण जाणूनबुजून करावयास हवे. न केले, तर वाद्ये वाढतील आणि वादक घटतील.

हे घडताना आपण पाहतच आहो. एका घरी दोन वाद्ये आहेत. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि पट्ट्यांवर धूळ साचली. शेजारच्या घरी एक मुलगी कान देऊन देवळातील गीते शिकते आणि जेवणाच्या मेजावर बोटे फिरविते, कारण वाद्य घेण्याची तिच्या वडिलांची ऐपत नाही. रविवारच्या मोठ्या मिस्सेला तीन वादक हजर असतात. परंतु आठवड्याच्या मधल्या दिवशी गरिबाच्या घरचे प्रेत देवळात येते, तेव्हा त्याच्यासाठी एक सूरही धरणारा मिळत नाही. महोत्सवानिमित्त एक मोठे नवे वाद्य विकत घ्यावे, अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु नवे घेण्यापूर्वी आहे त्याची मोजदाद करावी, असे आमचे मत आहे.

ह्या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. यरुशलेमेतील पहिले ख्रिस्ती आपल्या मालकीच्या वस्तूंना केवळ आपल्या म्हणत नसत, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचितो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याचा नीट उलगडा केला आहे: वस्तू मालकीची असणे न्याय्य आहे, कारण जो तो आपली वस्तू अधिक काळजीने जपतो, परंतु तिचा उपयोग करिताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंतास सहज द्यावी. पोप तेरावे लिओ ह्यांनीही 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात हाच आधार घेतला. म्हणून आपली वाद्ये देवळास दान करा, असे आम्ही म्हणत नाही. मालकी आपलीच राहू द्या. उपयोग मात्र मोकळा करा.

देण्याने वस्तू झिजते, हे खरे. पण न देण्याने ती मरते, हे अधिक खरे. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचाच दाखला घ्या. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. त्या शतकात निघालेल्या त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ते पुराण आपल्यापर्यंत आले कसे? हस्तलिखितांच्या द्वारे. ज्याच्याजवळ पोथी होती, त्याने ती दुसऱ्यास उतरून घेऊ दिली, म्हणून! पोथी कुलुपात राहिली असती, तर त्या ओव्याही कुलुपातच गेल्या असत्या.

दुसरा दाखला व्यापाराच्या जगातला आहे. 1983 पूर्वी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहजी जोडता येत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी ह्यांनी पुढाकार घेतला आणि स्पर्धक कंपन्यांनी मिळून 'मिडी' नावाची एक समाईक भाषा ठरविली. तिच्या वापरासाठी हक्काचे पैसे मागितले नाहीत. आज आपल्या वाद्यांस संगणक जोडला जातो, तो त्या औदार्याच्या बळावर. नफ्यासाठी झटणारे व्यापारी इतके करू शकले, तर एकाच वेदीभोवती जमणाऱ्या आपण किती करावे?

'वाद्य मोडले तर काय?' असे कोणी विचारील. ही भीती कंजूषपणाची आहे, असे आम्ही मानीत नाही. कित्येकांनी हप्ते भरून वाद्य घेतले आहे. कित्येकांचे तर ते पोट भरण्याचे साधन आहे. लग्नसराईत ज्याची चूल वाद्यावर पेटते, त्याजकडे त्या दिवसांत ते फुकट मागणे हा अन्यायच होय. म्हणून देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची जबाबदारी ही दोन्ही एकत्र चालली पाहिजेत. त्यासाठी काही साधे नियम आम्ही सुचवितो.

पहिला नियम: देवळात एक वही ठेवावी. कोणाजवळ कोणते वाद्य आहे आणि ते कोणत्या दिवशी देता येईल, हे ज्याच्या त्याने स्वखुशीने लिहावे. दुसरा: वाद्य नेणाऱ्याने ते झाकून न्यावे, झाकून आणावे, पावसाळ्यात दमट जागी किंवा जमिनीवर ठेवू नये. तिसरा: विजेच्या वाद्यास त्याचाच अडॅप्टर लावावा. दिसावयास सारखा असला तरी दुसऱ्याचा दाब किंवा धन-ऋण बाजू निराळी असते, आणि क्षणात वाद्य जळते. चौथा: मालकाने स्मृतीत साठविलेल्या आवाजांच्या जुळवण्या त्याला न विचारता बदलू नयेत. पाचवा: मोडतोड झाल्यास ती लपवू नये, दुरुस्तीचा खर्च नेणाऱ्याने द्यावा, आणि त्याची ऐपत नसेल तर गायकमंडळाच्या निधीतून तो द्यावा. सहावा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: वाद्याबरोबर विद्याही द्यावी. प्रत्येक वादकाने एका मुलास किंवा मुलीस आपल्या शेजारी बसवून शिकवावे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त्री मुलांस स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यांच्याच हातांखालून तयार झालेल्या अनेकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव मिळविले. त्या शाळा श्रीमंत नव्हत्या. परंतु तेथे शिकविणारा होता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोप दहावे पायस ह्यांनी पवित्र संगीताविषयीचा आपला आदेश 1903 मध्ये ह्याच सणाच्या दिवशी काढला. वाद्याने गायनास आधार द्यावा, त्यास दडपू नये, असे त्यांनी त्यात बजाविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेस शोभतील अशी इतर वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाव दिला. आणि 1967 च्या सूचनापत्राने, वाद्यांच्या आवाजात गीताचे शब्द बुडू नयेत, असे पुन्हा सांगितले. ह्यातही वाटून घेण्याचाच धडा आहे. भाविकांच्या कंठास जागा करून देणे, हे वादकाचे पहिले दान होय. मागच्या बाकावरील आजीबाईंचा कापरा सूर जर वाद्याखाली चिरडला गेला, तर उत्तम वाद्य असूनही उपासना उणी राहिली.

बंधुभगिनींनो, त्या वहीतील पहिली नोंद आम्हीच करीत आहो, आणि ती आहे देवळातील हार्मोनियमची. आजपासून तिच्या कपाटाची किल्ली गायकमंडळाच्या चिटणिसांजवळ राहील. ज्या मुलांच्या घरी वाद्य नाही, त्यांनी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर यावे आणि सराव करावा. बसणाऱ्याचे बोट चुकेल, सूर बेसूर निघेल. आम्हांस ते चालेल. दुसऱ्या नोंदीची जागा मोकळी आहे. ती कोण भरतो, ह्याची आम्ही वाट पाहत आहो.

ज्याने आपणांस कंठ दिला, बोटे दिली, आणि देताना हिशेब ठेविला नाही, तो दयाळू परमेश्वर, पवित्र माता मरिया व संत सेसिलिया ह्यांच्या विनवणीने आपणां सर्वांस मोकळ्या हाताचे करो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.