‘नीट’ पुढे ढकला म्हणण्याआधी

(नांदेड येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आधी लातूरला शिकवत होते, आता बरीच वर्षं इथं. त्यामुळे माझं आयुष्य दुसऱ्यांच्या परीक्षेच्या तारखेभोवती फिरतं. आमच्या नात्यात अकीका असला, तरी ‘मॅडमची नीट झाल्यावर ठेवा’ असं म्हणतात. परीक्षा मी देत नाही, हे त्यांना सांगून सांगून थकले.

आज बोलायचंय ते एका सहीबद्दल. ऑगस्ट 2020 मध्ये इथल्या काही पालकांनी एक निवेदन तयार केलं होतं: कोरोना आहे, मुलांचा जीव महत्त्वाचा, परीक्षा पुढे ढकला. माझ्याकडे कागद आला, मी सही केली. फारसा विचार केला नाही. जीव महत्त्वाचा, यावर कोण वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी देगलूर नाक्याकडच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. सलाम नाही, दुआ नाही. एकच प्रश्न: “मॅडम, आपने दस्तखत कायकू करे?”

तिची गोष्ट सांगण्याआधी तारखांचा घोळ आठवा, कारण तुमच्यातले बरेचजण तेव्हा सातवी-आठवीत असतील. 2020 ची ‘नीट’ मुळात 3 मेला होती. त्या वर्षी 3 मे रमजानमध्ये येत होता. रोजा ठेवून पेपर कसा द्यायचा, सहरीला काय खायचं, इथपर्यंत आमच्या मुलींचं ठरलं होतं. मार्चच्या शेवटी ती तारीख रद्द झाली. मे महिन्यात 26 जुलै जाहीर झाली. 3 जुलैला सांगितलं, 13 सप्टेंबर. लातूरचा ट्यूशन एरिया, इथलं बाबानगर, श्यामनगर मार्चमध्येच ओस पडलं होतं. मुलं गाद्या गुंडाळून गावी गेली. कित्येकांची पुस्तकं खोलीत अडकली आणि खोलीचं भाडं चालूच राहिलं.

तर ही मुलगी. अब्बूंचं गॅरेज, ते चार महिने बंद. मार्चच्या आधीच तिचा रिश्ता ठरला होता. मुलाकडचे ‘परीक्षा होऊ द्या’ म्हणून थांबले होते. मे गेला, जुलै गेला. आता त्यांचा निरोप आला होता: मोहरम आणि सफर हे दोन महिने जाऊ द्या, रबीउल अव्वलचा चाँद दिसला की निकाह. म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. मोहरम-सफरमध्ये लग्न करू नये, या समजुतीला दीनमध्ये आधार नाही हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. त्या वर्षी मात्र हीच समजूत आमच्या कामी आली, म्हणून मी गप्प बसले. 13 सप्टेंबर या दोन महिन्यांच्या आत बसत होता. परीक्षा नोव्हेंबरात गेली असती तर आधी निकाह झाला असता, आणि निकाहनंतर तिला पेपरला कोण पाठवणार होतं?

मी तिला म्हटलं, अगं, मी सही तुमच्या जिवासाठी केली. ती म्हणाली, मला विचारलं का?

नव्हतं विचारलं. मी ज्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून सही केली, तो किनवट तालुक्यातल्या एका वस्तीवरचा होता. नांदेडपासून दीडशेच्या आसपास किलोमीटर. मोबाइलला रेंज यायला टेकाडावर जावं लागायचं. एसटीला जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली ती 20 ऑगस्टला, आणि ई-पासची अट उठली 2 सप्टेंबरला. मी सही केली तेव्हा तो मुलगा सेंटरवर कसा पोचणार, हे मला खरंच दिसत नव्हतं. त्याचंही म्हणणं खरं होतं. हिचंही खरं होतं. एकाच वर्गातली दोन मुलं, एकाला तारीख पुढे हवी, दुसरीला ती हलली तर शिक्षण संपतं.

दिल्लीतही हाच प्रश्न ‘हो की नाही’ एवढाच करून मांडला गेला. अकरा विद्यार्थ्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑगस्टला फेटाळली. न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांच्या पीठाचं म्हणणं थोडक्यात असं, की जगणं थांबवता येत नाही आणि मुलांचं वर्ष बुडवता येत नाही. मग सहा राज्यांचे मंत्री फेरविचारासाठी गेले. त्यात आपले तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंतही होते. 4 सप्टेंबरला तीही मागणी फेटाळली गेली. मध्येच स्वीडनहून ग्रेटा थनबर्गने ट्वीट केलं, परीक्षा घेणं अन्यायाचं आहे म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. मजा म्हणजे दोन्ही तटांतल्या कुणाच्याही मुलाला त्या वर्षी नीट नव्हती.

परीक्षा झाली. एका खोलीत 24 ऐवजी 12 मुलं बसवली, देशभरातली केंद्रं 2,546 वरून 3,843 केली. एवढी तयारी केली गेली, हे मान्य करायला हवं. आता दुसरे आकडे बघा. नोंदणी केली होती 15 लाख 97 हजार मुलांनी, पेपर दिला 13 लाख 67 हजारांनी. म्हणजे सुमारे 2 लाख 30 हजार आलीच नाहीत. आदल्या वर्षी, 2019 मध्ये, न आलेली होती 1 लाख 8 हजारांच्या आसपास. गैरहजेरी दुपटीहून जास्त झाली. त्यातली सगळी कोरोनामुळे राहिली असं मी म्हणणार नाही. काहींनी तयारीच सोडली असेल. पण दरभंग्याचा एक मुलगा सातशे किलोमीटर प्रवास करून कोलकात्याला पोचला आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून त्याला आत घेतलं नाही, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

आमचा किनवटचा मुलगा 9 सप्टेंबरला पॉझिटिव्ह निघाला. ताप फारसा नव्हता, पण 13 तारीख त्याने तालुक्याच्या कोविड सेंटरमध्ये पलंगावर काढली.

आता इथे नीट लक्ष द्या. 12 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेच परवानगी दिली, की कोरोनामुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रामुळे ज्यांची परीक्षा हुकली त्यांची 14 ऑक्टोबरला घ्या. घेतलीही. 16 तारखेला सगळ्यांचा एकत्र निकाल लागला. म्हणजे ज्या वाटेचा ऑगस्टमध्ये कुणी विचारही केला नव्हता, ती वाट होतीच! सगळ्यांची तारीख हलवायची नाही, ज्याला खरंच येता येत नाही त्याला दुसरी तारीख द्यायची. जेईईच्या वेळी नागपूर खंडपीठानेही असंच काहीसं केलं होतं. ऑगस्टअखेर विदर्भात पूर आला, भंडाऱ्याच्या एका शिक्षकाने न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने परीक्षा थांबवली नाही, पण पुरात अडकलेल्या मुलांना वेगळा अर्ज करण्याची मुभा दिली.

फरक फक्त वेळेचा. दुसरी तारीख दोन दिवस आधी कळली. आमच्या मुलाने तोवर पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती. महिनाभर त्याने पान उलटलं नव्हतं. त्याने पेपर दिला. कसा गेला ते विचारू नका. हीच दुसरी तारीख ऑगस्टमध्ये जाहीर झाली असती, तर तो कोविड सेंटरमध्येही पुस्तक घेऊन बसला असता. मला त्याचा स्वभाव माहीत आहे.

चीनचं उदाहरण देते, बाकी त्यांचं सगळं घ्या असं म्हणत नाही. त्यांची गाओकाओ ही परीक्षा एक कोटीहून जास्त मुलं देतात. 2020 मध्ये 31 मार्चलाच त्यांनी सांगून टाकलं: 7 जून नाही, 7 जुलै. एकदा हलवली, बरोबर एक महिन्याने हलवली आणि त्याच दिवशी घेतली. आपण तीन तारखा दिल्या आणि चौथ्यासाठी भांडत राहिलो. मी त्या वर्षी बघितलं, मुलं अभ्यासाने थकली नव्हती, रोज संध्याकाळी मोबाइलवर ‘नवी तारीख आली का’ बघून थकली होती.

आणखी एक. ढकललेली तारीख एकटी जात नाही, मागच्यांनाही ढकलते. 2021 ची नीट 12 सप्टेंबरला झाली, 2022 ची 17 जुलैला. 2022 लाही काही मुलं पुढे ढकलण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तिथेही नाहीच मिळालं. परीक्षा पुन्हा मे महिन्यात यायला 2023 उजाडलं. एका पिढीच्या चार महिन्यांसाठी पुढच्या दोन-तीन तुकड्यांनी खोलीभाडं आणि मेसचे पैसे जास्त भरले. लातूरला खोली घेऊन राहिलेल्या मुलाच्या बापाला विचारा, जास्तीचे दोन महिने म्हणजे काय. शेळी विकणं म्हणजे काय.

म्हणून मी पुढे कधीच ढकलू नका असं म्हणते का? नाही. पेपर फुटला असेल, पूर आला असेल तर हलवावीच लागेल. पण ती कधी सांगता, हाही प्रश्न आहे. 2024 ची नीट-पीजी 23 जूनला होती. 22 च्या रात्री ती पुढे ढकलली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता डॉक्टर, परगावी लॉजवर उतरली होती, कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. तिने मला रात्री अकराला फोन केला. काही विचारायला नाही, नुसताच. ती परीक्षा 11 ऑगस्टला झाली, आणि बाळाला घेऊन ती परत गेली.

देगलूर नाक्याच्या मुलीने 13 सप्टेंबरला पेपर दिला. एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत, बीएएमएस मिळालं. यादीतलं नाव दाखवून अम्मीने मुलाकडच्यांना आणखी थांबवलं. निकाह तिसऱ्या वर्षाला असताना झाला, कॉलेज सुटलं नाही. किनवटच्या मुलाने एक वर्ष ड्रॉप घेतला. तो ड्रॉप त्याने मला विचारून घेतला नाही, घरच्या दोन एकरांचं काय होईल ते वडिलांशी बोलून घेतला. मला त्याचं ते आवडलं.

तुमच्यातले काही याच वर्षी ड्रॉपचा विचार करताय, हे मला माहीत आहे. काहीजण पुढच्या कुठल्या तरी मागणीच्या कागदावर सही करणार आहात. कागदावर ‘पुढे ढकला’ एवढंच लिहिलेलं असेल तर खाली दोन ओळी वाढवून घ्या: राखीव तारीख आधीच जाहीर करा, आणि बदल करायचा तर महिनाभर आधी सांगा. सही करण्याआधी वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही विचारा. मी विचारलं नव्हतं.

आता प्रश्न घेऊ या. किनवट-माहूरकडून आलेल्यांची गाडी सहाची आहे ना? मग आधी तुम्ही विचारा, नांदेडचे थांबतील.