एकर विकून पोराला पुण्याला पाठवण्याआधी
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचं ठरलं होतं. पण मागच्या तीन बैठकांत उठताना एकच प्रश्न कानावर आला. पोराला एमपीएससी-यूपीएससीसाठी पुण्याला पाठवायचंय, कापसाचा पैसा केव्हाच संपला, एखादा एकर काढू का?

आधी आमची फजिती सांगतो. परभणीला कृषी पदवी घेतली आणि दोनदा यूपीएससीला बसलो. तेव्हा पूर्व परीक्षेतसुद्धा एक वैकल्पिक विषय असायचा. आम्ही कृषी घेतला. मातीचा सामू तोंडपाठ, आता कलेक्टर व्हायला काय उरलं, असा थाट! दोन्ही वेळा पहिल्याच पायरीवर घसरलो. 2011 पासून पूर्व परीक्षेतला तो विषयही गेला.

आता हिशेब ऐका. 2024 च्या यूपीएससी परीक्षेला 9,92,599 अर्ज आले. पेपरला बसले 5,83,213. मुख्य परीक्षेला पोचले 14,627, मुलाखतीला 2,845 आणि निवड झाली 1,009 जणांची. बसलेल्या पावणेसहाशेंत एक. उगवण इतकी असलेली बियाण्याची पिशवी तुम्ही घ्याल का? पण क्लासच्या फलकावर सगळे फोटो उगवलेल्यांचेच. बियाणं कंपनी रस्त्याकडेचा बागायती प्लॉट दाखवते आणि आपण ते कोरडवाहूत टोबतो, तसलाच प्रकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा जाहिरातींबद्दल काही क्लासवाल्यांना दंडही केला आहे. फोटोतल्या कित्येकांनी तिथं फक्त मुलाखतीची तयारी केलेली, आणि जाहिरातीत ते दडवलेलं.

कुणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यातला अन्सार शेख झाला की! झाला. वडील रिक्षा चालवायचे, शाळा मराठी माध्यमाची, आणि 2015 च्या परीक्षेत एकविसाव्या वर्षी 361 वा आला. गरीब घर आणि मराठी शाळा आडवी येत नाही, हे त्यानं दाखवलं. पण तो पदवीलाच फर्ग्युसनमध्ये राज्यशास्त्र शिकला. पदवी आणि तयारी एकाच वेळी चालली. आपली पोरं पदवी उरकून मग तयारीला ‘सुरुवात’ करतात. खोलीभाडं, मेस, अभ्यासिका यांचं मीटर तिथून पळायला लागतं.

इंग्रजीचा बाऊ नको. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र आहे, त्यात 300 पैकी 75 गुण लागतात. ते गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण त्याखाली गेला तर बाकीचे पेपर तपासूनही उपयोग नाही. पदवी कोणतीही चालते, मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. चुलत्याची जुनी गाईडं मात्र रद्दीत घाला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून लेखी उत्तरांची झाली आहे, नुसते गोल काळे करून भागत नाही.

सगळ्यात महागडा गैरसमज वयाचा. राज्यसेवेला खुल्या गटात 38, मागास गटांना 43 वर्षांपर्यंत बसता येतं. म्हणजे तितकी वर्षं बसायचं, असं नव्हे! तिसाव्या वर्षी परतलेली पोरं आम्ही पाहतो. गावात तोंड दाखवायला लाजतात, रानात मन लागत नाही, आणि सावकाराचं व्याज इकडे चालूच असतं.

आमचं मत विचाराल तर जमीन विकू नका. पहिलं वर्ष घरी किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत काढू द्या. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवू द्या, गुण तुम्ही स्वतः बघा. शासनाचं पूर्व-प्रशिक्षण केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. पुण्याला पाठवायचंच ठरलं, तर प्रयत्न किती, पैसा किती आणि परतायचं कधी, हे पोराला समोर बसवून वहीत लिहा. आणि लेक जास्त हुशार असेल तर पैसा तिच्या नावानं निघू द्या. आजवर तो कुणाच्या नावानं निघतो, हे मायबहिणींना सांगायला नको.

पुढच्या बैठकीला, ज्यांची पोरं पुण्याहून परतली आहेत त्यांनी त्यांना सोबत आणा. पास झालेल्यांचे सत्कार बरेच झाले. खर्चाचा हिशेब या पोरांकडूनच ऐकायचा आहे.